क्रमांक जुना, कंपनी नवी : फोनच्या नोंदवहीचा फेरफार

मोबाईल फोनचा क्रमांक हा आतां केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील आसगांव हें धान पिकविणारें गांव. तेथील शेतकऱ्यानें आधारभूत खरेदी केंद्रावर धान घातलें, कीं पैसे बँकेच्या खात्यांत जमा होतात व त्याची खबर फोनवर येते. बँकेचा गुप्त अंक त्याच क्रमांकावर आणि आधारची खातरजमाहि त्याच क्रमांकावर. अशा शेतकऱ्याला एका कंपनीची रेंज मिळेनाशी झाली, तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाईल. परंतु क्रमांक मात्र जुनाच राहावा, असें त्यास वाटणारच. ही सोय भारतांत २५ नोव्हेंबर २०१० रोजीं हरियानांत प्रथम सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून ती सर्व देशास मिळाली आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ बदलतांनाहि क्रमांक कायम ठेवतां येऊं लागला. एका माणसाची ही लहानशी सोय पुरविण्यासाठीं देशांतील सर्व कंपन्यांच्या नोंदवह्या कशा बदलाव्या लागतात, हें समजून घेण्याजोगें आहे.

पूर्वींची व्यवस्था सोपी होती. क्रमांकाच्या पहिल्या चार अंकांवरून कंपनी व परिमंडळ हीं दोन्ही कळत. उरलेल्या सहा अंकांचे दहा लक्ष क्रमांक होतात. म्हणजे दहा लक्ष ग्राहकांसाठीं नोंदवहींत एकच ओळ पुरत असे. क्रमांक हाच पत्ता होता. पुढें ग्राहक क्रमांकासह कंपनी सोडूं लागले, तेव्हां क्रमांक हें नुसतें नांव उरलें व पत्ता निराळा लिहून ठेवणें भाग पडलें. हा पत्ता म्हणजे चार अंकांची एक खूण. कंपनी बदललेल्या प्रत्येक क्रमांकापुढें ती लिहिलेली असते. फोन लावणाऱ्याची कंपनी आधीं नोंदवही पाहते, खूण वाचते, आणि मग फोन योग्य ठिकाणीं जोडते. हें सर्व घंटी वाजण्यापूर्वींच होऊन जातें.

खेड्यांतील माणसास हा प्रकार परका वाटूं नये. जमिनीचें खरेदीखत झालें, एवढ्यानें सातबारा बदलत नाहीं. तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते गांव नमुना सहामध्यें फेरफार लिहितात. संबंधितांना नोटीस जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आणि मगच नवें नांव सातबाऱ्यावर चढतें. फोनच्या क्रमांकाचा फेरफारहि असाच पायरीपायरीनें होतो. भेद इतकाच, कीं या नोंदवहीची प्रत प्रत्येक कंपनीजवळ असते व फोन जोडतांना ती कंपनी आपलीच प्रत खरी मानते.

क्रम असा आहे. ग्राहक ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द व त्यापुढें आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवितो. या कामासाठीं नेमलेली मध्यस्थ संस्था जुन्या कंपनीकडे चौकशी करते : बिल थकलें आहे काय? ग्राहकास तिच्याकडे नव्वद दिवस झाले आहेत काय? सर्व ठीक असल्यास आठ अक्षरांचा संकेत मिळतो. तो घेऊन नवी कंपनी ओळख पटविते व अर्ज पुढें पाठविते. १६ डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमांनुसार परिमंडळ तेंच असल्यास कामाच्या ३ दिवसांत, आणि तें बदलत असल्यास ५ दिवसांत, हें काम व्हावें लागतें. ठरलेल्या वेळीं, बहुधा रात्रीं, जुनी कंपनी क्रमांक बंद करते व तसें कळविते. मग नवी तो चालू करते व तसें कळविते. आणि त्यानंतर नवी खूण सर्व कंपन्यांना कळविली जाते. क्रम उलटा केला, तर एकच क्रमांक दोन घरीं जिवंत राहील. म्हणून मध्यें सुमारें चार तासांपर्यंत फोन मुका राहणें पत्करलें जातें.

येथें काम संपलें असें वाटतें. परंतु खरी देखरेख येथूनच सुरू होते. समजा, एका कंपनीच्या प्रतींत ही ओळ चढलीच नाहीं. त्या शेतकऱ्याचा फोन चालू दिसेल, त्याला इतरांना फोन लावतां येईल, पुष्कळांचे फोन त्याला येतीलहि. फक्त त्या एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन चुकीच्या दारीं जाऊन परततील. आणि बँकेचा संदेश त्याच वाटेनें येत असेल, तर तोहि पोंचणार नाहीं. दोष असून ग्राहकास तो दिसत नाहीं, हीच यांतील मोठी अडचण. म्हणून नोंदवही सांभाळणाऱ्यांना ‘बदल पाठविला’ एवढ्यावर थांबतां येत नाहीं. पाठविलेल्या ओळी किती, पोंच आलेल्या किती, नाकारलेल्या किती, याचा मेळ घालावा लागतो. प्रती मूळ नोंदवहीशीं ताडून पाहाव्या लागतात. निरनिराळ्या कंपन्यांतून फोन लावून पाहावे लागतात. नोंदवहीची रचनाच बदलावयाची असेल, तर जुनी प्रत परत लावतां येईल अशी राखूनच हात घालावा लागतो.

हें काम एकेका क्रमांकाचें असतें तोंवर सोपें वाटतें. परंतु कधीं कधीं ग्राहकांची एकच गर्दी होते. एअरसेल कंपनीनें ३० जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रासह सहा परिमंडळांतील सेवा बंद केली, तेव्हां तिच्या ग्राहकांना क्रमांक राखण्यासाठीं दुसरी कंपनी गांठावी लागली. २०२४ अखेरपर्यंत देशांतील अशा अर्जांची संख्या शंभर कोटींच्या वर गेली होती.

ग्राहकानेंहि आपल्या वांट्याची काळजी घ्यावी. जुन्या सिमकार्डाची सेवा बंद होईपर्यंत तें काढूं नये. धानाचे पैसे यावयाचे असतील त्या दिवसांत हा बदल टाळावा. आठ अक्षरांचा संकेत परक्या माणसास सांगूं नये. क्रमांक दुसऱ्याच्या हातीं गेल्यास बँकेचे गुप्त अंकहि त्याच्याच हातीं जातात. याच धोक्यासाठीं १ जुलै २०२४ पासून असा नियम झाला आहे, कीं सिमकार्ड बदलून घेतल्यावर सात दिवस लोटल्याखेरीज संकेत मिळूं नये. नवी सेवा चालू झाल्यावर निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन-तीन फोनांवरून आपला क्रमांक लावून पाहावा व बँकेचा एखादा संदेश मागवून पाहावा. कोणा एकाच कंपनीच्या फोनांवरून क्रमांक लागत नसेल, तर तसें स्पष्ट सांगून नव्या कंपनीकडे तक्रार द्यावी. ‘फोन बिघडला आहे’ एवढेंच सांगितल्यानें हा दोष सांपडत नाहीं.