श्रद्धा आणि शील (लेखांक ५) : आधी स्वीकार, मग सुधारणा

गेल्या आठवड्यात आपण पाहिले की, ख्रिस्ती शिकवणीत सत्कृत्य ही तारणाची किंमत नसून तारणाचे फळ आहे. माणूस सुधारला म्हणून देव त्याला जवळ करत नाही. देवाने जवळ केले म्हणून माणूस सुधारू लागतो. मात्र हा क्रम हाडामांसाच्या माणसात उतरतो का, हे पाहायला हवे. त्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र फार उपयोगी आहे, कारण १८८३च्या बाप्तिस्म्याआधीच्या रमाबाईही आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. दुष्काळात आईवडील गमावलेली, भावाबरोबर देशभर पायपीट केलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी गौरवलेली, जातीबाहेर विवाह केलेली आणि पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केलेली ही बाई. धैर्य, विद्वत्ता, स्त्रियांविषयीची कळकळ यांतले काहीच त्यांना ख्रिस्ती धर्माकडून उसने घ्यावे लागले नव्हते.

मग श्रद्धेने त्यांना दिले काय? उत्तराचा धागा लंडनच्या फुलहॅम भागात सापडतो. इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंनी वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी (जोगिणींनी) तिथे चालवलेला आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. तुम्ही हे कशासाठी करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची भेट सांगण्यात आली. त्या कथेतला येशू विहिरीवर त्या स्त्रीकडे पाणी मागतो, तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही तिच्याशी बोलतो आणि बोलण्याआधी शुद्धीची अट घालत नाही. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या प्रसंगाला मोठे स्थान दिले आहे. अन्याय झालेल्या निष्पाप विधवेविषयी सुधारकांना कळवळा होताच. जिच्या माथी दोष मारला गेला आहे तिलाही, ती सुधारण्याची वाट न पाहता, दार उघडायचे हे त्यापुढचे पाऊल होते. पुढे रमाबाईंनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. कृपा म्हणजे लायकी न विचारता मिळालेले दान, हा विश्वास तिथे दैनंदिन व्यवहार झाला.

हा बदल बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात घडला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असा रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचा आशय आहे. मते पटणे आणि त्या मतांनी माणूस आतून बदलणे यांत अंतर असते. ते अंतर प्रार्थना, वचनाचे वाचन आणि रोजची सेवा यांनीच कापले जाते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. उपासमारीने खंगलेल्या, आजारी, शिस्त ठाऊक नसलेल्या या मुलींना न्हाऊमाखू घालणे, औषधपाणी करणे, लिहायला शिकवणे, विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम हाती देणे, हे सारे वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी लागणारी चिकाटी एका दिवसाच्या भावनावेगातून येत नाही.

श्रद्धेने माणूस स्वतःचा उरत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट आहे. इंग्लंडमध्येही त्या शाकाहारीच राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चची अधिकारसत्ता यांवरून त्यांनी वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निकराचा वाद घातला. आपल्या विवेकावर कोणाची मालकी त्यांनी मान्य केली नाही. श्रद्धेने त्यांचा ताठ कणा वाकवला नाही, त्याला दिशा दिली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १८९३मध्ये रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठी चालवलेल्या पुण्याच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याची तक्रार झाली, रानडे-भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण प्रार्थनेच्या वेळी दार बंद करत नाही, कोणावर सक्तीही करत नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. सक्ती नव्हती हे मान्य केले, तरी आश्रयदात्रीचा प्रभाव आश्रित मुलीवर पडतोच, आणि धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर विसंबलेल्या पालकांना विश्वासघात वाटला तर ते समजण्यासारखे आहे. श्रद्धा चारित्र्य घडवते म्हणजे माणसाला निर्दोष करते, असे नव्हे. उलट, ज्याची श्रद्धा उत्कट असते त्याने आपल्या हातातल्या सत्तेबाबत अधिक सावध असायला हवे.

तिसरा आक्षेप असा : हे सारे श्रद्धेवाचूनही होतेच की! खरे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आयुष्य वेचले, तेही ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारावाचून. चांगुलपणावर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही आणि तसा दावा बायबलही करत नाही. परक्या शोमरोनी माणसाला आदर्श ठरवणारा दाखला येशूनेच सांगितला आहे. आपला दावा मर्यादित आहे. आपण स्वतः कृपेवर जगतो, ही जाणीव मुरली की दुसऱ्याला त्याच्या पूर्वचरित्रावरून निकालात काढणे माणसाला जड जाते.

म्हणून श्रद्धेची कसोटी लावायची तर ती देवळातल्या उपस्थितीवर किंवा सिद्धान्ताच्या पाठांतरावर लावू नये. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही आणि ज्याच्या सोबतीने आपलीच अब्रू धोक्यात येते, अशा माणसाला आपल्या घरात, आपल्या मंडळीत जागा आहे का, हे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर श्रद्धा अजून मतापुरतीच आहे आणि रमाबाईंच्या त्या आठ वर्षांसारखी वाट आपल्यालाही चालायची आहे. त्या वाटेवरची सर्वांत कठीण चढण, म्हणजे आपल्यावर अन्याय करणाऱ्याला क्षमा करणे, हा पुढच्या आठवड्याचा विषय.