पाहुण्या व्यापाऱ्यांचे जेवण : हॉटेल कसे निवडावे?

सोलापुरी चादर, टॉवेल आणि तयार गणवेश यांच्या खरेदीसाठी आपल्या शहरात बाहेरगावचे व्यापारी येतात. दिवसभर माल पाहून झाला की रात्री आठ-दहा जणांना जेवायला नेण्याचा बाजारात रिवाज आहे. उधारीची मुदत, माल पाठविण्याची तारीख, अशा अडलेल्या गोष्टी पुष्कळदा याच बैठकीत सुटतात. म्हणून हॉटेलची निवड हा व्यापाराचाच एक भाग समजावा.

अडचण अशी की, एका टेबलावर सर्वांचे खाणे सारखे नसते. जैन व्यापारी कांदा, लसूण, बटाटा टाळतो. काहीजण सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. लिंगायत पाहुणा शाकाहारी असतो. मुसलमान व्यापारी हलालची खात्री असल्याशिवाय मांसाला हात लावत नाही. तेलंगणाकडून आलेल्या पाहुण्याला झणझणीत मटण हवे असते. यांपैकी एकजण जरी नुसती काकडी खाऊन उठला, तरी तो तोंडाने काही बोलत नाही. पण यजमानाला आपली कदर नाही, हे मनात ठेवून जातो. मग हॉटेल कितीही नामांकित असो, खर्च वाया गेला.

म्हणून आदल्या दिवशी स्वतः जाऊन मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात. मांस हलाल आहे काय आणि ते कोठून येते? शाकाहारी जेवणाची भांडी, तवा आणि तेल वेगळे आहे काय? सर्वांना एकत्र बसविता येईल आणि एकाच वेळी वाढता येईल काय? गोलमोल उत्तर मिळाले तर दुसरे हॉटेल पाहावे.

ज्वारीची भाकरी, वरण आणि भाजी हा सर्वांना चालणारा पाया आहे. मटण, चिकन वेगळे मागवावे. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो. जैन पाहुण्यासाठी बिनलसणाची सांगून ठेवावी. रमजानात एकाचे जेवण सूर्यास्तापूर्वी संपते, तर दुसऱ्याचे नंतर सुरू होते. तेव्हा पानेच दोन वेळा मांडावीत आणि बोलणी शेवटी करावीत.

आता हिशेब. प्रत्येक ताटाचा दर आधी ठरवून कागदावर घ्यावा. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. जेवणावरील हा कर व्यापाऱ्याला सहसा वळता करून मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा. सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. मोठे बिल बँकेमार्फतच द्यावे.

हॉटेल महाग असलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक मेहमान पोटभर आणि निःशंक मनाने जेवला, तर साधे हॉटेलही पुरते.