कृष्णाकाठचा वारसा : सातारा आणि सांगली

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे महाबळेश्वर-पाचगणीला जातात. घाट चढण्यापूर्वी वाई लागते आणि वाईपासून थोड्याच अंतरावर, कृष्णेच्या काठी, मेणवली हे गाव आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट यांसाठी ते प्रसिद्ध आहे. या घाटावर एका लहानशा दगडी वास्तूत एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली पवित्र मरिया दिसते आणि १७०७ हे सालही आढळते.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर तेथील चर्चच्या अनेक घंटा विजयचिन्ह म्हणून घाटमाथ्यावर आल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक. वसईकर ख्रिस्ती मनाला हा इतिहास थोडा टोचतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसरी बाजूही पाहावयास हवी. ती घंटा वितळवली गेली नाही. तिच्यावरील मरियेची प्रतिमा कोणी खरवडून काढली नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसांनी ती पिढ्यान्पिढ्या जपली. वारसा हा केवळ ज्याने निर्माण केला त्याचा नसतो. जो त्याची निगा राखतो त्याचाही असतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर तेथील ग्रामजीवनाचे मर्म उमगते.

एका जिल्ह्याचे दोन जिल्हे

आज आपण ज्यांना सातारा व सांगली म्हणतो, तो मुलूख पूर्वी बराचसा एकच होता. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलल्या, तरी कृष्णा तीच राहिली. महाबळेश्वरी उगम पावून ती कराडला कोयनेला समोरासमोर भेटते आणि पुढे सांगलीकडे वळते.

या मुलखात निसर्गाने मात्र समान वाटणी केलेली नाही. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एकीकडे ऊस, हळद आणि स्ट्रॉबेरी, तर दुसरीकडे मेंढरे, ज्वारी आणि टँकरची वाट. त्यामुळे दुष्काळी भागातील माणूस पोटासाठी बाहेर पडला. विटा, आटपाडी परिसरातील सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर भारतभर पसरले आहेत. गावच्या यात्रेला मात्र ते आवर्जून परततात.

विश्वासावर उभ्या राहिलेल्या संस्था

या मातीत घडलेले काही प्रयोग आपण मुलांना अवश्य सांगावेत. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मूठमूठ धान्य दिले. ज्यांच्या घरात अक्षरओळख नव्हती, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिलेले ते दान होते.

औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. तेथे शिक्षा झालेले कैदी भिंतीवाचून राहत आणि शेती करीत. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटाला याच प्रयोगातून प्रेरणा मिळाली. चुकलेल्या माणसावर पुन्हा विश्वास टाकावा, ही शिकवण आपल्याला अपरिचित नाही. येथे एका लहानशा संस्थानाने ती राज्यकारभारात आणली.

मिरजेचा सूर

मिरज हे या सहजीवनाचे उत्तम उदाहरण होय. १८९४ साली प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय उभारले आणि या गावाला वैद्यकनगरी ही ओळख मिळू लागली. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून अर्पण होतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचे चिरविश्रांतिस्थान याच दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गायक-वादक हजेरी लावतात.

मिरजेचे सतार आणि तंबोरे देशोदेशी गेले आहेत. हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडविण्यास सुरुवात केली. पंढरपूरच्या बाजूने येणारे मोठे भोपळे वाळवून, त्यांना लाकडी दांडी जोडून, सुरावर कान ठेवून एकेक वाद्य तयार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु आज तंबोऱ्याचा सूर विजेच्या पेटीतून आणि मोबाइलमधूनही मिळतो. मानांकनाने नावाचे रक्षण होते. हाताचे रक्षण मात्र शिकणाऱ्या पुढच्या पिढीनेच होऊ शकते.

सात वाजताचा भोंगा

वारसा म्हणजे केवळ जुने ते सांभाळणे नव्हे. कडेगाव येथे मोहरमच्या उंच ताबुतांच्या भेटी हिंदू-मुस्लिम मिळून घडवितात, ही जुनी परंपरा आहे. त्याच तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक नवी प्रथा सुरू केली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल दीड तासासाठी बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. टाळेबंदीत मुलांना लागलेली मोबाइलची सवय पाहून ग्रामसभेने हा निर्णय घेतला. आपल्याकडे तिन्हीसांजेला देवदूताच्या प्रार्थनेची घंटा वाजत असे व सारे घर एकत्र येई, त्याची येथे आठवण होते.

या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वाडा, घाट, वाद्य किंवा यात्रा ही आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी रोज वेळ द्यावा लागतो, आणि तो माणूस निघून गेला की उरते ती केवळ वास्तू. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुनी गाणी, सणांच्या रीती कोण लिहून ठेवीत आहे, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. पुढच्या वेळी महाबळेश्वरला जाताना वाट थोडी वाकडी करून मेणवलीला जावे, मुलांना ती घंटा दाखवावी आणि ती जपणाऱ्या गावाला मनोमन धन्यवाद द्यावेत.