कालव्यांतील नौकानयन

कालव्यांतील नौकानयन : मानवनिर्मित जलमार्गांवरून मालाची वा माणसांची वाहतूक करणे, तसेच केवळ विहारासाठी नौका हाकणे, यांस ही संज्ञा लावतात. नौकानयनाच्या कालव्यातील पाणी जवळजवळ स्थिर ठेवतात. जमिनीच्या उंचीतील फरक जलपाशांनी, म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेल्या चिरेबंदी हौदांनी, तोडला जातो. नौका हौदात शिरल्यावर मागील दरवाजे मिटतात, झडपा उघडून पाणी चढवितात किंवा उतरवितात आणि मग पुढील दरवाजे उघडतात.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आखलेल्या कालव्यांचे जलपाश सु. २·१ मी. रुंदीच्या नौकेपुरतेच होते. त्यामुळे तेथील ‘नॅरोबोट’ ही नौका जेमतेम तेवढी रुंद, पण २२ मी.पर्यंत लांब असते. प्रारंभी ती काठावरून चालणारा घोडा ओढीत असे. रेल्वेच्या स्पर्धेत भाडे घटल्यावर अनेक नावाड्यांनी बिऱ्हाड नौकेवरच थाटले. एल. टी. सी. रोल्ट यांचे नॅरो बोट हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या जलमार्गांविषयी आस्था वाढली आणि मालवाहतूक संपली, तरी विहारासाठी ते टिकून राहिले. वेगमर्यादा ताशी सु. ६·४ किमी. आहे, म्हणजे भरभर चालणारा माणूस काठावरून नौकेची सोबत करू शकतो.

उत्तर शरदात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हा प्रवास वेगळेच रूप घेतो. दिवस लहान झाल्याने दुपार कलताच मुक्काम करावा लागतो. गळालेली पाने पंख्यात अडकून गती मंदावते. ती पंख्यावरील झाकण उघडून हाताने काढावी लागतात. केबिनमधील शेगडी पेटलेली ठेवतात. जलपाशांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्याने बंद होतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांची यादी पाहणे अगत्याचे असते.

खानदेशात याच सुमारास कालव्यांचा हंगाम सुरू होतो. सिंचनखात्याचा रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला लागतो आणि पाण्याची आवर्तने ठरू लागतात. गिरणा नदीवरील जामदा बंधाऱ्यापासून दोन्ही तीरांना कालवे निघतात. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणाचे पाणी त्यांना मिळते. मात्र या पाण्यावर नौका चालत नाही. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. सिंचनाचा कालवा वाहता असतो. त्याला उतार दिलेला असतो आणि वाटेत चाऱ्यांची दारे, जलसेतू व कमी उंचीचे पूल येतात. आवर्तन संपले की तो कोरडा पडतो. याउलट नौकेला बारमाही पाणी लागते आणि नौका जलपाशातून एकदा उतरविताना, अरुंद जलपाशातही, सु. एक लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. ज्या प्रदेशात शेतकरी पाटकऱ्याकडे आपल्या पाळीची चौकशी करीत उभा असतो, तेथे हा खर्च परवडणारा नव्हे. वाघूर नदीकाठच्या पहूरसारख्या बाजारगावाचा माल बैलगाडीने आणि विसाव्या शतकात पाचोरा-जामनेर या अरुंदमापी लोहमार्गाने गेला. तापीचे पात्रही खडकाळ व द्रुतवाहांचे असल्याने खानदेशापर्यंत जलमार्ग होऊ शकला नाही.

सिंचन आणि नौकानयन एकाच कालव्यात साधावे, हा आग्रह सर आर्थर कॉटन यांनी धरला होता. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात जमीन सपाट व पाणी विपुल असल्याने तो यशस्वीही झाला. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या गंगा कालव्यात नौकांची सोय केली होती. पण उतार अधिक असल्याने प्रवाहाचा वेग त्रासदायक ठरला व कॉटन यांनी त्यावर टीका केली. कुर्नूल-कडप्पा कालव्यावर असेच दुहेरी हेतूचे काम झाले, तथापि नौकानयन तेथे मूळ धरू शकले नाही. दख्खनच्या पठारावर कॉटन यांचा विचार ताणून लावणे ही चूकच होती, असे म्हणावे लागते.

मराठी वाचकाला जवळचा, खरोखर नौका चालणारा जलमार्ग गोव्यात आहे. मांडवी व जुवारी या नद्यांना जोडणारा सु. १७ किमी. लांबीचा कुंभारजुवे कालवा नावाने कालवा असला, तरी ती वळणावळणाची, भरती-ओहोटीची खाडीच आहे. तिच्यामुळे तिसवाडी तालुक्याला बेटाचे रूप आले. येथे जलपाशांची गरज नाही. उथळ भागातून जाताना भरतीची वेळ साधावी लागते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यामुळे वाहतूक बंद होई, तेव्हा लोहखनिजाचे बार्ज याच मार्गाने मुरगावला जात. २०१२ मध्ये खाणकाम थांबल्यावर ही वर्दळ फार रोडावली. २०१६ च्या कायद्याने हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ ठरला.

पाऊस ओसरल्यावर येथे विहाराच्या होड्या निघतात. दोन्ही काठांस खारफुटी, तिच्यामागे बांधांनी राखलेली खाजण शेते आणि पाणी सरकविण्याच्या ‘मानशी’ दिसतात. चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी हे येथील वैशिष्ट्य होय. गोड्या पाण्याची मानली जाणारी ही जात येथे मचूळ पाण्यात राहते. होडी त्यांच्यापासून अंतर राखूनच न्यावी लागते. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेस साखळीजवळील विठ्ठलापूर येथे, मांडवीच्या वाळवंटी या उपनदीवर, सजविलेल्या नौकांचा उत्सव होतो. त्या रात्री लोक या नौका पाहण्यासाठी नदीकाठी जमतात.