पोतं तेच, हिशेब वेगळा

पन्नास किलोचं पोतं कुणाच्याही पाठीवर पन्नास किलोच भरतं. मग दोन हमाल आयुष्यभर सारखीच पोती वाहतात आणि शेवटी एकाला ग्रॅच्युइटी मिळते, दुसऱ्याला नुसती कंबरदुखी, हे कसं?

आधी एक गणित करू. समजा, नाक्यावर उभा राहणारा मजूर दिवसाला ८०० रुपये घेतो आणि नोंदलेला कामगार ७००. नाक्यावरचा फायद्यात दिसतो ना? आता महिना मोजा. नाक्यावर १५ दिवस काम लागलं, तर हाती १२,०००. नोंदलेल्याचे २६ दिवस भरले, तर १८,२००! भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा हे सगळं आणखी वेगळं. रोजाचा दर एक सांगतो, महिना भलतंच!

आता वाटेल, नाक्यावरची माणसं असतील मूठभर. छे! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मध्ये मोजदाद मांडली: जगात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे २०० कोटी लोक अनौपचारिक कामात आहेत. अल्पसंख्य आहे तो नोंदलेला कामगारच! केनियात अशा कामांना फार सुंदर नाव आहे, ‘जुआ काली’. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ कडक ऊन. डोक्यावर छप्पर नाही, ऊन मात्र हक्काचं.

मग सगळ्यांची नोंद करून का टाकत नाहीत? इथेच खरी मेख आहे. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी आठवा. पाचही घरं पैसे देतात. पण मावशी आजारी पडल्या, तर रजेचा पगार कुणी द्यायचा? पाच मालक म्हणजे जवळजवळ शून्य मालक! बाजारातल्या हमालाचंही तेच. सकाळी या व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी त्या व्यापाऱ्याचा.

या कोड्याचं उत्तर महाराष्ट्रानं १९६९ मध्ये शोधलं, तेही कायद्यातून. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या, ओझी वाहणाऱ्या माथाडींच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. युक्ती बघा किती साधी! कायमचा एक मालक नाही ना? मग मध्ये एक मंडळ बसवा. व्यापारी, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी त्यात घ्या. व्यापाऱ्यानं आपल्याकडच्या कामाची मजुरी मंडळात भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही. मजुरी ते काम करणाऱ्या टोळीतल्या कामगारांना मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि भरपगारी सुट्ट्यांची सोय होते. एकेका पन्हाळीतून थेंब थेंब येतो आणि खाली टाकी भरते! पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीवर कायदा झाला.

ही टाकी सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. नोंदणीबाहेरचे हमाल आजही खूप आहेत. पण जिथे पोचली, तिथे काय घडलं? काम तेच, घाम तोच, शिक्षणही तेवढंच. फक्त कुणीतरी वहीत नाव लिहिलं, आणि त्याच पाठीला म्हातारपणीचा आधार मिळाला.

मावशींच्या पाच घरांपैकी एक घर आपलंच असेल. भरपगारी सुट्टीचे दिवस मोजायला सुरुवात तिथूनही करता येते.