मावळातलं भांडवल: पैसा, पाणी आणि प्रतिकार

● लोकांचा पैसा : अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. जपानमध्ये काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले पहिले तज्ज्ञ. नफ्याइतकाच भर कारागीर घडवण्यावर होता. इथे शिकलेले हात पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले.

● टाटांचं पाणी : वीज कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांचं पाणी घाटाखाली पाचशे मीटरांहून अधिक खोल सोडून 1915 पासून खोपोलीत वीज तयार होऊ लागली. ती मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. आंद्रा खोऱ्यातलं ठोकळवाडी धरणही 1922 मध्ये पूर्ण झालं.

● मुळशीचा प्रतिकार : शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्याच खासगी कंपनीच्या धरणासाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचा चेहरा ठरले. पुण्यातले अनेक सावकार-जमीनदार मोबदल्यावर राजी झाले, पण जमीन कसणाऱ्यांचं गावच पाण्याखाली जाणार होतं. 1924 च्या अखेरीस लढा मावळला, धरण झालं.

● फरक कुठे? दोन्ही उद्योग स्वदेशीच्या काळातले, भारतीय भांडवलाचे. तळेगावात लोकांनी स्वखुशीने पैसा दिला. मुळशीत मात्र जमीन घेताना शेतकऱ्यांना नकाराची मुभाच नव्हती.