कठडा कोणासाठी?

मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा भाविकाचे रक्षण कसे करतात, असा प्रश्न निघाला की श्रद्धाळू आणि अश्रद्ध हे दोन्ही पक्ष बहुधा एकाच गृहीताला चिकटून बसतात. आज्ञा म्हणजे दंडात बांधायचा ताईत, असे पहिला पक्ष समजतो. तो ताईत कसा निकामी ठरला याचे दाखले गोळा करण्यात दुसरा पक्ष समाधान मानतो. वस्तुस्थिती अशी की ज्या धर्मग्रंथात या आज्ञा आहेत त्याच ग्रंथात ईयोबही आहे. त्या निष्कलंक पुरुषाची गुरेढोरे जातात, लेकरे जातात, सर्वांगाला गळवे येतात. आणि त्याच्या हातून काहीतरी पातक घडलेच असले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या त्याच्या मित्रांवरच अखेरीस परमेश्वराचा कोप होतो. आज्ञापालनाबद्दल सुबत्तेची अभिवचने आहेत, नाही असे नाही. पण ती मुख्यत्वे साऱ्या प्रजेला उद्देशून आहेत, एकेका माणसाला लिहून दिलेली हमी नव्हे.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांचा, आणि म्हणून अधिक चिवट. डुकराचे मांस निषिद्ध ठरवण्यात मोशेची आरोग्यदृष्टी होती, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते आणि त्या मांसातील कृमींचा हवाला दिला जातो. हे कृमी मानवी स्नायूंत प्रथम दिसले ते 1835 साली लंडनमध्ये, जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याला. परंतु नियमशास्त्रातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील यादीत डुकराबरोबर उंट आहे, ससा आहे, खवले व पर नसलेले सारे जलचर आहेत. उलट माणसाला तत्काळ मारणाऱ्या एकाही विषारी वनस्पतीचा तेथे उल्लेख नाही. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिदीस स्वतः वैद्य असल्यामुळे त्याने या निषेधांना शरीरस्वास्थ्याचे कारण जोडले. पण पंधराव्या शतकातील भाष्यकार अब्राबानेल याने त्या मताला स्पष्ट हरकत घेतली. शेजारची राष्ट्रे तेच मांस खाऊन धडधाकट आहेत, आणि ईश्वराचे शास्त्र म्हणजे वैद्यकाचे चोपडे नव्हे, हा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. खुद्द ग्रंथ जे कारण देतो ते पावित्र्याचे आहे. मला अब्राबानेलचा पक्ष अधिक प्रामाणिक वाटतो.

मग रक्षण होते ते कोणाचे? नियमशास्त्रातीलच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे, आणि नगरपालिकेच्या बांधकाम नियमांत ती सहज खपून जावी: नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशातील सपाट धाब्यांवर माणसे निजत, जवसाच्या काड्या वाळत घालीत. तेथे कठडा नसणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच. धर्मपंडितांनी पुढे या कठड्याची उंची दहा मुठी ठरवली, आणि त्याच वचनाच्या आधारे घरात मोडकी शिडी ठेवू नये, चावरा कुत्रा पाळू नये, अशीही सक्ती केली. घरमालकाला स्वतःचे धाबे पाठ असते. कठडा लागतो तो प्रामुख्याने पाहुण्याला, पोराटोरांना, अंधारात चढलेल्या गड्याला. आज्ञा हात बांधते ती भाविकाचे, आणि राखते ती त्याच्या शेजाऱ्याला. शेजारीही तीच आज्ञा पाळीत असल्यामुळे भाविक राखला जातो.

शब्बाथाची, म्हणजे शनिवारची, विश्रांतीही याच जातीची आहे: ती मालकापुरती नसून दास, दासी, परका आणि गुरेढोरे यांनाही नावानिशी लागू केलेली आहे. कोकणच्या किनारपट्टीतील बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणा बंद म्हणजे अर्थातच घाण्याच्या बैलालाही त्या दिवशी जू नाही.

राहिला तो आज्ञेसाठी जीव गेला तरी चालेल, हा समज. इ.स.पू. 167 च्या सुमारास, अँटिओकस राजाच्या छळाच्या काळी, रानात लपलेल्या सुमारे हजार यहुद्यांनी शब्बाथच्या दिवशी शस्त्र न उचलता मरण पत्करले खरे. पण ती वार्ता ऐकताच यहुदी बंडाचा पुढारी मत्तथ्य व त्याचे सोबती यांनी शब्बाथलाही स्वसंरक्षणार्थ लढण्याचा निर्णय केला. पुढे तालमूदकारांनी लेवीयाच्याच वचनावरून असे ठरवले की आज्ञा जगण्यासाठी आहेत, मरण्यासाठी नव्हेत. तेव्हा प्राण वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणे ही नुसती मुभा नसून कर्तव्य आहे. अपवाद तीन: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यवध.

या आज्ञा केवळ जाचक बंधने आहेत असे ज्याला अजूनही वाटत असेल, त्याने अनुवादाचा चोविसावा अध्याय एकदा सावकाश वाचावा. जात्याची तळी गहाण घेण्यास तेथे मनाई आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करण्याचा हुकूम आहे. आणि तारण घ्यायला आलेल्या सावकाराने ऋणकोच्या घरात पाऊल टाकायचे नाही, बाहेरच उभे राहायचे आहे. तारण घेऊन बाहेर यायचे ते ऋणकोने.